अर्ध्या मिलिमीटरची भिंत

समोरचा पटाशीचा दात काढावा लागला आणि त्याजागी इम्प्लांट बसवायचे ठरले, की दंतवैद्य बहुधा सांगतात, "हाड कमी आहे, बोन ग्राफ्ट करावा लागेल." त्यावर रुग्णाचा पहिला प्रश्न असतो, "किती वर्षे टिकेल?" या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत. टायटॅनियमचा स्क्रू जबड्यात किती वर्षे घट्ट राहील हा पहिला, आणि त्याच्या ओठाकडील बाजूला भरलेले हाड किती वर्षे राहील हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बरेच समाधानकारक आहे. पेअर-इंगवार ब्रोनमार्क यांनी १९६५ साली स्वीडनमध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. आज इम्प्लांट दहा वर्षे जागेवर राहण्याचे प्रमाण बहुतेक पाहण्यांत नव्वद टक्क्यांच्या वर आढळते. मात्र समोरच्या दाताच्या बाबतीत हा आकडा फसवा ठरू शकतो, कारण हिरडी वर सरकून राखाडी धातू डोकावू लागलेले इम्प्लांटही या हिशेबात 'टिकलेले' म्हणूनच मोजले जाते.

हिरडी सरकण्याचे मूळ हाडाच्या रचनेत आहे. वरच्या जबड्यातील पटाशीच्या दातांची मुळे ओठाच्या बाजूने हाडाच्या ज्या भिंतीने झाकलेली असतात, ती बहुतेक लोकांत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, आणि पुष्कळदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते, यावरून कल्पना यावी. शिवाय या भिंतीचा मोठा भाग दाताच्याच आधाराने जगतो: मुळाला हाडाशी बांधणारे तंतू त्यात रुतलेले असतात आणि रक्तपुरवठाही काही अंशी त्याच बाजूने होतो. दात गेला की या हाडाचे प्रयोजनच संपते आणि काही आठवड्यांत ते विरघळू लागते. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००३ साली दाढा आणि उपदाढा काढलेल्या रुग्णांची मोजणी प्रसिद्ध केली. वर्षभरात तेथील हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने घटली होती, आणि त्यातील दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. दात काढल्याबरोबर इम्प्लांट बसवले तर ही झीज थांबेल, अशी एकेकाळी आशा होती. ती खरी ठरली नाही.

म्हणून भिंत नव्याने उभारावी लागते. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठात डॅनियल बूझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुळवलेली पद्धत अशी: दात काढल्यावर हिरडी भरून येण्यासाठी चार ते आठ आठवडे थांबायचे, मग इम्प्लांट बसवून त्याच्या उघड्या पृष्ठभागावर रुग्णाच्याच हाडाचा कीस पसरायचा, त्यावर गाईगुरांच्या हाडापासून बनवलेल्या खनिज कणांचा थर द्यायचा, आणि हे सारे कोलॅजेन या प्रथिनाच्या पडद्याने झाकून हिरडी शिवायची. हिरडीच्या पेशी भराभर वाढतात, हाडाच्या पेशी सावकाश. पडदा पहिल्यांना अडवतो आणि दुसऱ्यांना वेळ मिळवून देतो.

यातील दुसरा थर मला सर्वांत उद्बोधक वाटतो. स्वतःचे हाड लवकर रुजते, पण लवकर झिजतेही. गुरांच्या हाडाचे कण मात्र सहसा विरघळत नाहीत. काही वर्षांनंतर घेतलेल्या नमुन्यांतही ते नव्या हाडाने वेढलेले, जवळपास तसेच सापडतात. ज्याला एरवी दोष म्हटले असते, तोच येथे गुण ठरतो. या पद्धतीने एकच दात बसवलेल्या २० रुग्णांचा दहा वर्षांचा अहवाल २०१८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा एकही इम्प्लांट गमावलेले नव्हते आणि बाहेरच्या भिंतीची सरासरी जाडी दीड मिलिमीटरहून अधिक भरली, म्हणजे निसर्गाने दिलेल्या भिंतीपेक्षा जास्तच. अर्थात हे निवडक रुग्ण होते आणि शस्त्रक्रिया करणारे हात अत्यंत सरावलेले होते. धूम्रपान, आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा स्वच्छतेची हयगय असताना याच निकालाची अपेक्षा धरणे धाडसाचे होईल.

कण गुरांचे आहेत हे कळल्यावर आपल्याकडे काही रुग्ण बिचकतात, आणि ते त्यांना आधी सांगितलेच पाहिजे. पर्याय आहेत: मानवी दात्यांच्या हाडापासून किरणोत्साराने निर्जंतुक केलेला ग्राफ्ट मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढी (टिश्यू बँक) अनेक वर्षे पुरवत आली आहे. तो तुलनेने लवकर झिजतो, त्यामुळे दोन्हींकडून सारख्याच निकालाची अपेक्षा धरता येत नाही.

दीर्घकालीन पाहणीत आणखी एक गोष्ट उघड झाली, जिचा ग्राफ्टशी संबंधच नाही. चेहऱ्याची हाडे प्रौढपणीही अत्यंत संथपणे बदलत राहतात. नैसर्गिक दात तंतूंनी बांधलेले असल्यामुळे हाडाबरोबर खाली सरकतात. हाडाशी थेट जुळलेले इम्प्लांट आहे तिथेच राहते. परिणामी वीस-पंचवीसाव्या वर्षी तंतोतंत जुळवलेला दात पुढे शेजाऱ्यांपेक्षा मिलिमीटरभर आखूड दिसू शकतो. चाळिशीनंतर बसवलेल्या इम्प्लांटमध्येही हे आढळले आहे, आणि वाढत्या वयाच्या मुलांत इम्प्लांट टाळतात ते याचमुळे. अशा वेळी ग्राफ्ट शाबूत असतो, स्क्रूही घट्ट असतो, आणि बहुधा वरची कॅप तेवढी नवी करावी लागते.