बिझनेस जेट अ‍ॅड-ऑन (गृह फ्लाइट सिम्युलेटर)

घरच्या संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटरमध्ये वेगळी बसवता येणारी, खासगी प्रवासाच्या छोट्या-मध्यम जेट विमानाची सॉफ्टवेअर प्रतिकृती म्हणजे बिझनेस जेट अ‍ॅड-ऑन. काही प्रतिकृती सिम्युलेटरसोबतच येतात, काही हौशी मंडळी फुकट वाटतात आणि उरलेल्या विकत घ्याव्या लागतात. विकतच्या विमानांना सिमर मंडळी ‘पेवेअर’ आणि फुकटच्यांना ‘फ्रीवेअर’ म्हणतात. मूळ विमानातली जवळपास प्रत्येक कळ, प्रत्येक फ्यूज आणि प्रत्येक बिघाड ज्यात उतरवलेला असतो, त्या प्रतिकृतीला ‘स्टडी लेव्हल’ हे बिरुद मिळते. या बिरुदाला कोणत्याही संस्थेची मान्यता नाही. ते विक्रेता स्वतःच लावून घेतो, त्यामुळे ते बेताने घ्यावे.

हा प्रकार तसा जुना आहे. १९८० च्या दशकातील मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्येच सेसनाच्या जोडीला लिअरजेट आले होते. २००६ च्या ‘एफएसएक्स’ आवृत्तीतले लिअरजेट ४५ तर एका पिढीच्या आठवणीत आहे. बहुतेकांनी पहिली जेट उड्डाणे, आणि पहिले जेट अपघातही, त्याच विमानात केले. मात्र त्या काळात कॉकपिट दिसायला खरे असले तरी आतली यंत्रणा पोकळ असे. आजच्या अ‍ॅड-ऑनची निवड अवघड झाली आहे ती नेमकी यामुळे की आता आतली यंत्रणाच विकली जाते.

विमान नव्हे, एव्हिऑनिक्स

निवड करताना नवखा सिमर बाहेरून बघतो : शेपटी, पंखांची टोके, केबिनमधल्या चामडी खुर्च्या. उड्डाणातला नव्वद टक्के वेळ मात्र नजर पडद्यांवर असते आणि हात नॉबवर. म्हणून खरेदी विमानाची नसून त्यातल्या एव्हिऑनिक्सची, म्हणजे कॉकपिटमधल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांची, आहे, असे धरून चालल्यास निर्णय बराच सोपा होतो. गार्मिनची जी३०००–जी५००० ही स्पर्शपडद्यांची मालिका एकदा अंगवळणी पडली की होंडाजेट, सायटेशन लाँगिट्यूड आणि सिरस व्हिजन जेट या तिन्हींत फारसे अडखळायला होत नाही. कॉलिन्सची प्रो लाइन २१ शिकली की सायटेशन सीजे४ वरून चॅलेंजर ६५० कडे जाणे हा सोळा मजली इमारतीतून दुसऱ्या सोळा मजली इमारतीत जाण्यासारखा प्रकार आहे. जिने वेगळ्या ठिकाणी, पण घडण तीच.

उदाहरण सीजे४ चेच घेऊ. ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची नवी आवृत्ती आली तेव्हा हे विमान सोबतच मिळाले, पण त्यातला उड्डाण-व्यवस्थापन संगणक अर्धवट होता. ‘वर्किंग टायटल’ नावाच्या हौशी गटाने तो फुकट सुधारून दिला आणि पुढे हाच गट मायक्रोसॉफ्टच्या कामात सामील झाला. २०२३ मध्ये अधिकृत अद्यतनांतून लाँगिट्यूडचे जी५००० आणि सीजे४ चे प्रो लाइन २१ या दोन्ही प्रणाली नव्याने बांधून मिळाल्या. परिणाम असा की ज्याने एक पैसाही जादा मोजलेला नाही त्याच्याकडे आज विकत घेण्याजोगे जेट आधीच आहे. अ‍ॅड-ऑनच्या दुकानात शिरण्यापूर्वी हे सीजे४ महिनाभर नीट उडवून पाहावे, हा सल्ला कंटाळवाणा असला तरी खरा आहे.

ऑटोथ्रॉटल आणि हाताचे काम

दोन जेटमधला सर्वांत ठळक फरक वेग किंवा उंची यांत नसून ऑटोथ्रॉटलमध्ये, म्हणजे वेग राखण्यासाठी इंजिनाची शक्ती आपोआप जुळवणाऱ्या यंत्रणेत, असतो. लाँगिट्यूडमध्ये ती सोय आहे, सीजे४ मध्ये नाही. सीजे४ च्या इंजिनांवर फॅडेक नावाचे संगणकीय नियंत्रण असल्याने टेकऑफ, क्लाइंब आणि क्रूझ यांसाठी थ्रॉटलला खाचा आहेत. लिव्हर खाचेत बसवला की बाकी संगणक पाहतो. पण उतरताना वेग राखायचे काम वैमानिकाचेच. विमान ठरलेल्या वाटेने आपणहून खाली येते, वेग मात्र आपणहून कमी होत नाही. एअरलाइनच्या बोइंग-एअरबस प्रतिकृतींवरून आलेल्या सिमरला पहिला आठवडा इथेच घाम फुटतो : १०,००० फुटांखाली २५० नॉट्सची मर्यादा असते आणि हा गडी २९० ने धावपट्टीकडे निघालेला असतो.

ज्याला हाताचे काम याहूनही अधिक हवे आहे त्याच्यासाठी लिअरजेट ३५ए आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिमसाठी ते फ्लायसिमवेअरने बनवले आहे. १९७० च्या दशकातले हे विमान. पंखांच्या टोकांना इंधनाच्या टाक्या, समोर गोल घड्याळे आणि इंजिनाची शक्ती चढताना दर काही हजार फुटांनी स्वतः जुळवायची. पडदे कमी असल्याने बेताच्या संगणकावरही ते हलके चालते. याउलट आधुनिक काचेच्या कॉकपिटमधला प्रत्येक पडदा हा मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये आतल्या आत चालणारे एक छोटे वेबपानच असते. तीन-चार मोठे पडदे एकदम चालू झाले की फ्रेम्स घसरतात, म्हणजे चित्र अडखळू लागते. सेटिंगमध्ये हे पडदे ताजे होण्याचा वेग कमी करण्याची सोय आहे. महागडे ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी ती वापरून पाहावी.

अंतर, वेळ आणि जुहूची धावपट्टी

रात्री जेवणानंतर दीड तास मिळणाऱ्या माणसाने ६,००० सागरी मैल जाणारे विमान घेऊन काय करायचे, हा प्रश्न विक्रीच्या पानावर कोणी विचारत नाही. बहुतेक घरगुती उड्डाणे एक-दोन तासांची असतात आणि त्या हिशेबात विमानाची उंची-मर्यादा फारशी कामी येत नाही. मुंबई–गोवा हे सरळ अंतर साधारण २३० सागरी मैल. एक हजार फूट उतरायला तीन मैल, हा वैमानिकांचा ढोबळ ठोकताळा लावला तर ४१,००० फुटांवरून उतरायलाच सव्वाशेच्या आसपास मैल लागतात. चढाईचे मैल वेगळे. म्हणजे वर पोहोचल्या पोहोचल्या उतरायला लागायचे. अशा टप्प्यावर व्हिजन जेट शोभते : पाठीवर एकच इंजिन, इंग्रजी व्ही आकाराची शेपटी, संपूर्ण विमानाला पेलणारे पॅराशूट आणि ‘जी२’ आवृत्तीत ३१,००० फुटांची मर्यादा. मायक्रोसॉफ्टच्या सिमसाठी ते फ्लाइटएफएक्सने विकायला आणले. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये ते सोबतच मिळते, मात्र तिथे खऱ्या विमानातल्या जी३००० ऐवजी जुने जी१००० बसवलेले आहे.

मुंबई–सिंगापूर सुमारे २,१०० सागरी मैल. सीजे४ चा कारखान्याने दिलेला पल्ला २,१६५. कागदावर जमते, वारा समोरून लागला की नाही. लाँगिट्यूडचा ३,५०० चा पल्ला यासाठी भरपूर आहे, पण मुंबई–लंडन त्यालाही एका दमात झेपत नाही. त्यासाठी एक्स-प्लेनवर एरोबास्कचे तीन इंजिनांचे फाल्कन ८एक्स आहे, पल्ला ६,४५० सागरी मैल. फाल्कन घराण्याशी महाराष्ट्राचा आता थेट संबंध जुळला आहे. नागपूरच्या मिहानमध्ये फाल्कन २००० ची अंतिम जुळणी करण्याची घोषणा फाल्कन बनवणारी दासो कंपनी आणि रिलायन्स यांनी जून २०२५ मध्ये केली. नागपूर–दिल्ली हा टप्पा फाल्कनने उडवण्याला यामुळे निदान भावनिक आधार मिळाला.

उड्डाणाचे गणित किती प्रामाणिक आहे हे तपासायला लांबचा प्रवास लागत नाही. जुहूच्या मुख्य धावपट्टीची लांबी साधारण १,१५० मीटर. जे. आर. डी. टाटा १९३२ मध्ये कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले. आज तिथे प्रामुख्याने हेलिकॉप्टरची वर्दळ असते आणि प्रत्यक्षात कोणी जेट तिथे नेत नाही. सिममध्ये मात्र ही उत्तम परीक्षा आहे. समुद्रसपाटीला, १५ अंश सेल्सिअसला आणि पूर्ण वजनाला सीजे४ ला उड्डाणासाठी सुमारे १,०४० मीटर लागतात. सिमचे हवामान मे महिन्याच्या दुपारचे ठेवले आणि तरीही विमान भरल्या टाक्यांनिशी आरामात उठले, तर त्या प्रतिकृतीतले तापमानाचे गणित कच्चे आहे. उतरताना आणखी एक गोष्ट कळते. सीजे४ आणि होंडाजेट यांना रिव्हर्सर, म्हणजे इंजिनाचा झोत उलटवून विमान थांबवणारी सोय, नाही. मुख्यतः चाकांच्या ब्रेकवरच थांबावे लागते. ज्या प्रतिकृतीत ही विमाने रिव्हर्सने थांबतात तिच्यावर पैसे घालू नयेत.

चॅलेंजर ६५०

या क्षेत्रात मापदंड म्हणून ज्याचे नाव घेतले जाते ते हॉट स्टार्ट या विकसकाचे चॅलेंजर ६५० जानेवारी २०२२ मध्ये एक्स-प्लेनसाठी आले. किंमत शंभर डॉलरच्या पुढे, म्हणजे खुद्द सिम्युलेटरपेक्षा जास्त. इथे विमान एका उड्डाणापुरते जन्माला येत नाही. काल जसे सोडले तसे ते आज सापडते. काल ब्रेक झिजवले असतील तर ते झिजलेलेच असतात. विमानाभोवती चालत फिरून तपासणी करावी लागते आणि इंटरनेटवरून दोघांना एकच कॉकपिट वाटून घेता येते. सुरू करायलाच नवख्याला पाऊण तास लागतो. ज्याला हा पाऊण तास म्हणजेच छंद वाटतो त्याला या घडीला दुसरे काही सुचवण्यात अर्थ नाही. ज्याला तो अडथळा वाटतो त्याच्यासाठी हे विमान कपाटातल्या पैठणीसारखे होते. वर्षातून एकदा बाहेर निघते, पुन्हा घडी घालून ठेवले जाते. घरच्या सिमवरचे असे तास खऱ्या वैमानिकाच्या लॉगबुकात धरले जात नाहीत, तेव्हा मेहनत कितीही असली तरी ती हौसेच्या खात्यातच जमा होते.

मागाहून लागणारे खर्च

विमानाची किंमत हा पहिला आकडा. मार्ग, उतरण्याच्या पद्धती आणि रेडिओ-साधनांची माहिती जगभर दर २८ दिवसांनी बदलते. ती ताजी ठेवायची तर अनेकदा नॅव्हिग्राफसारख्या सेवेची वर्गणी भरावी लागते. जानेवारी २०२३ मध्ये वाहतूक सुरू झालेले मोपा विमानतळ जुन्या माहितीसंचाच्या हिशेबी अस्तित्वातच नाही, हे गोव्याला उतरायला निघालेल्याला वाटेत कळते. व्हॅटसिमसारख्या जाळ्यावर माणसे हवाई नियंत्रकाचे काम करतात. तिथे उडणाऱ्याकडे ताजी माहिती असलेली बरी, कारण नियंत्रकाने सांगितलेला बिंदू आपल्या संगणकात नसला की बाकीच्या रांगेचाही खोळंबा होतो.

थ्रॉटलचा एकच लिव्हर असलेली जॉयस्टिक दोन इंजिनांच्या जेटला चालून जाते, पण एक इंजिन बंद पडल्याचा सराव करायचा तर दोन वेगळे लिव्हर आणि पायाखालची रडर पेडल हवीतच. बटणे चुकीच्या कामाला जोडली गेल्याने ‘विमानच बिघडलेले आहे’ अशी तक्रार करणारे बरेच असतात. प्रस्तुत लेखकाने स्वतः दोन संध्याकाळी यॉ डॅम्परला (विमानाचे डावी-उजवीकडे डुलणे रोखणाऱ्या यंत्रणेला) दोष देण्यात घालवल्या आणि शेवटी पेडलची एक अक्ष उलटी निघाली.

विकत घेण्याचे ठिकाणही विमानाइतकेच महत्त्वाचे. मायक्रोसॉफ्टच्या सिममधल्या मार्केटप्लेसवर घेतलेली प्रत फक्त तिथल्या खात्याला बांधलेली असते. एक्सबॉक्सवर उडवायचे असेल तर तोच एक मार्ग. आणि ज्या विमानांना सिमबाहेर वेगळा प्रोग्राम चालवावा लागतो ती एक्सबॉक्सवर चालतच नाहीत. संगणकासाठी विकसकाच्या स्वतःच्या दुकानातून घेतल्यास सुधारणा सहसा आधी पोहोचतात. एका सिमचे विमान दुसऱ्या सिममध्ये नेता येत नाही : एक्स-प्लेनसाठी घेतलेले चॅलेंजर मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये उडवण्याचा कोणताही मार्ग नाही, आणि लिअरजेट ३५ए च्या बाबतीत उलट दिशेनेही तेच.