आकारिक पद्धती (सॉफ्टवेअर विकसन)

प्रोग्रामने काय करावे हे गणिती भाषेत निःसंदिग्धपणे मांडून, लिहिलेला प्रोग्राम त्या मांडणीशी म्हणजेच विनिर्देशाशी जुळतो हे तर्कशास्त्राच्या नियमांनी सिद्ध करण्याच्या तंत्रांना आकारिक पद्धती म्हणतात. व्यवहारात ‘फॉर्मल मेथड्स’ हे नाव रुळले आहे. चाचणीत निवडक उदाहरणे तपासली जातात, तर सिद्धता विनिर्देशात बसणाऱ्या सर्व उदाहरणांना लागू असते. रॉबर्ट फ्लॉइड (१९६७) आणि टोनी होअर (१९६९) यांनी या विचाराचा पाया घातला. होअर यांच्या मांडणीत प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्याला, तो चालण्याआधी खरी असावी लागणारी पूर्वअट आणि चालून संपल्यावर खरी ठरणारी उत्तरअट जोडलेली असते.

बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी, अथणी या ऊसपट्ट्यात ओळखीच्या असलेल्या साखर कारखान्याच्या वजनकाट्याचे उदाहरण घेता येईल. भरलेल्या ट्रॉलीच्या वजनातून रिकामीचे वजन वजा केले की उसाचे निव्वळ वजन मिळते. १८,७०० किलोतून ६,२०० वजा जाता १२,५०० उरतात. मात्र दोन्ही नोंदींची अदलाबदल झाली आणि वजन ऋण चिन्ह नसलेल्या १६ बिटांच्या संख्येत (जिच्यात ० ते ६५,५३५ एवढेच आकडे मावतात आणि शून्याखाली गेलेला आकडा वरच्या टोकाकडून मोजला जातो) साठवलेले असले, तर पावतीवर ५३,०३६ किलो उमटतात. ‘भरलेले वजन रिकाम्या वजनाहून कमी नसावे’ ही पूर्वअट लिहिली, की ती पाळली जाते हे वजाबाकीपूर्वीच्या कोडवरून सिद्ध करावे लागते आणि उणीव तिथेच उघडी पडते. काटाच खोटा असेल तर मात्र सिद्धतेचा इलाज चालत नाही. काटामारी ही विनिर्देशाबाहेरची बाब आहे, कारण काट्याने दिलेला आकडा खरा हे येथे गृहीत धरलेले असते.

पॅरिस मेट्रोच्या १९९८ साली सुरू झालेल्या चालकविरहित १४ क्रमांकाच्या मार्गासाठी सुरक्षेशी निगडित सॉफ्टवेअर जाँ-रेमों आब्रियाल यांच्या ‘बी’ पद्धतीने विकसित केले गेले. पेंटियम प्रोसेसरमधील भागाकाराच्या दोषापायी इंटेलला सुमारे ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड पडल्यानंतर (१९९४) चिपनिर्मितीत या पद्धतींचा वापर वाढला. प्रणालीच्या संभाव्य अवस्था यंत्राकरवी धुंडाळणाऱ्या ‘मॉडेल चेकिंग’साठी क्लार्क, इमर्सन व सिफाकिस यांना २००७ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

खर्च ही या पद्धतींची मोठी अडचण आहे. ‘एसईएलफोर’ या कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) सी भाषेतील सुमारे ८,७०० ओळींसाठी २००९ साली पूर्ण झालेली सिद्धता दोन लाख ओळींच्या घरात गेली. लहान कंपनीला हे परवडणारे नाही. तिने अटी काटेकोर लिहिल्या आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या ‘टीएलए प्लस’सारख्या भाषेत आराखडा तपासला, तरी बराच लाभ पदरी पडतो. त्यासाठी लागणारे तर्क, संच व गणिती विगमन (इंडक्शन) हे विषय बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात विविक्त गणिताच्या (डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सच्या) रूपाने शिकवले जातात.