पार्श्वभूमी : मायनिंग यंत्र पोटात घेतलेली शिल्पे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गणेशोत्सवात मोटरवर हलणारे देखावे नवे नाहीत. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात ओतकाम तर रोजचेच. तेव्हा शिल्पात चालू क्रिप्टो-मायनिंग यंत्र, म्हणजे सतत आकडेमोड करून बिटकॉइनसारखे डिजिटल नाणे मिळवणारा कॉम्प्युटर, बसवणे इथल्या कारागिराला अवघड वाटू नये. पण देखाव्याची मोटर जळाली तर वाइंडिंग करून आणता येते. हे यंत्र मात्र ठणठणीत असतानाही निकामी ठरू शकते, कारण त्याचे नियम दुसरेच कोणी ठरवतात.

२००९ नंतर काही काळ साध्या कॉम्प्युटरवरही बिटकॉइन मिळे. २०१३ पासून त्यासाठीच घडवलेल्या चिप आल्या आणि ते संपले. कलाकृती गाजल्या त्या यानंतरच. २०१६ मध्ये कागदावर आकडे छापणारा जुना कॅल्क्युलेटर मायनिंगला जुंपला गेला. छापील कागदाची भेंडोळी साचत जातात, नाणे मिळण्याची शक्यता जवळपास शून्य. २०१७ मध्ये स्वीडनमध्ये सुमारे २ मीटरची पवनचक्की उभी राहिली. वाऱ्याच्या विजेवर झीकॅश या दुसऱ्या डिजिटल नाण्याचे मायनिंग आणि मिळकत हवामान संशोधनाला. मला हेच काम सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यातले यंत्र शोभेपुरते नाही. २०१८ मध्ये झीकॅशसाठीही खास यंत्रे आली आणि तोवर त्याच्या मायनिंगला चालणारी साध्या कॉम्प्युटरमधली ग्राफिक्स कार्डे मागे पडली.

खरा पेच १५ सप्टेंबर २०२२ चा. त्या दिवशी इथेरियमने, म्हणजे इथर हे नाणे चालवणाऱ्या कॉम्प्युटरांच्या जाळ्याने, मायनिंगच बंद केले. विजेचा वापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला, त्याचे स्वागतच आहे. बदल आधीपासून जाहीर होता, फक्त वेळ पुढे ढकलली जात होती, हेही खरे. पण इथर मिळवणारे शिल्प त्या दिवसानंतर पंखे फिरवील, गरम होईल, इथर मात्र एकही मिळवणार नाही. ते इथेरियम क्लासिक या मायनिंग चालू असलेल्या वेगळ्या जाळ्यावर वळवता येते. मग ती कलाकृती तीच राहते का? काहींच्या मते हा सुटा भाग बदलण्यासारखा प्रकार. मला ते पटत नाही. कोणते नाणे, कोणते जाळे, हा त्या कामाचा आशयच होता. यंत्र थांबवावे आणि पाटीवर बंद पडल्याची तारीख लिहावी, हे अधिक प्रामाणिक.

आपल्याकडे २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च त्यातून वजा होत नाही. कमाईच्या आशेने शिल्प घडवणाऱ्याने हे आधी पाहावे.

विजेचेही तसेच. २०१६ च्या सुमाराचे एक लोकप्रिय बिटकॉइन यंत्र सुमारे १,३०० वॅट ओढते, म्हणजे दिवसाला ३१ युनिट. ती सगळी वीज शेवटी उष्णता होते. शाडूच्या पोटात ते बसवू नये; ओतीव ॲल्युमिनियम उष्णता बाहेर टाकते. गरम हवेला वरून वाट हवी आणि पाठीला उघडता येणारे दार, म्हणजे यंत्र बदलताना ओतकाम फोडावे लागणार नाही.