इस्रो सगळा पैसा चंद्रावर उधळते?

चांद्रयान उडालं की ठरलेला मेसेज फिरतो: ‘देशात गरिबी, आणि इस्रो चंद्रावर पैसा उधळतेय!’ जरा हिशेब बघा. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी. २०२३-२४ मध्ये अवकाश विभागाची तरतूद साधारण १२,५०० कोटी, केंद्राचा अर्थसंकल्प ४५ लाख कोटींचा. म्हणजे शंभर रुपयांत तीस पैसेही नाहीत.

बाकी पैसा करतो काय? ओशनसॅट उपग्रह समुद्राचा रंग टिपतो. त्या रंगावरून पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचं हरितद्रव्य कळतं; ते दाट, तिथे मासळीची शक्यता जास्त. त्यावरून हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था मच्छीमारांना अंदाज कळवते, आपल्या कोकणातल्यांनाही. माणूस अंतराळात पाठवणाऱ्या गगनयानाला आत्ताच एवढं प्राधान्य का, यावर मात्र खुशाल भांडा. तो वाद खरा आहे, आणि मेसेजवाल्यांना नेमका तोच सुचत नाही.