फुगलेल्या कंडेन्सरच्या जागी काय लावाल?

जुना एलसीडी मॉनिटर चालू केला की दिवा लुकलुकतो, पण चित्र येत नाही. मागचं झाकण काढलं की पॉवर सप्लायच्या बोर्डावर एकदोन कंडेन्सरचा (वीज साठवणाऱ्या छोट्या गोल डब्यांचा) माथा फुगलेला दिसतो. कधी माथ्यावरच्या फुलीसारख्या खाचेतून तपकिरी खपलीही बाहेर आलेली असते. अंगावर लिहिलेलं असतं १००० मायक्रोफॅरड (साठवणक्षमता), १६ व्होल्ट. तेवढेच आकडे सांगून नवा आणला तर मॉनिटर सुरू होतो, पण बऱ्याचदा फार दिवस टिकत नाही. खरी निवड तापमान आणि ईएसआर, म्हणजे कंडेन्सरचा आतला रोध, यांवर ठरते.

असा सप्लाय सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि तितक्याच वेळा कंडेन्सरमधून प्रवाह आत-बाहेर करतो. आतला रोध जास्त असला की तो तापतो, आतला द्रव हळूहळू सुकतो, रोध आणखी वाढतो. म्हणून इथे लो-ईएसआर प्रकारच हवा: पॅनासोनिकची एफआर, रुबिकॉनची झेडएलएच किंवा निचिकॉनची एचई मालिका. साध्या मीटरवर मायक्रोफॅरड बरोबर दिसले तरी कंडेन्सर बाद असू शकतो. ते ईएसआर मीटरच सांगतो.

आता तापमान. कंडेन्सरसाठी दिलेल्या '१०५ अंश, २००० तास' याचा ढोबळ हिशेब असा, की दर १० अंश कमी झाले की आयुष्य दुप्पट. बोर्डावर ६५ अंश असतील तर ३२,००० तास. तेवढ्याच तासांचा ८५ अंशांचा घेतला तर फक्त ८,०००, आणि वर्षाचे तास होतात ८,७६०. पाचदहा रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे.

व्होल्ट मूळ आकड्याइतके किंवा एक पायरी जास्त. १६ च्या जागी २५ चालतात, १० कधीच नाही. मात्र व्यास आणि पायांतलं अंतर आधी मोजा. १० मिमी व्यासाच्या कंडेन्सरला ५ मिमी अंतर लागतं.

नकली माल ओळखायला वजन आणि आकार पाहा. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा चांगला लो-ईएसआर कंडेन्सर साधारण १० मिमी जाड, २० मिमी उंच असतो. त्याच्या निम्म्या आकारात तोच आकडा छापलेला दिसला तर परत करा. भंगार बोर्डावरून काढलेला तर लावूच नका, तो किती तास तापलाय हे कुणालाच ठाऊक नसतं.

काढण्याआधी फोटो काढा. डब्यावरचा पट्टा ऋण बाजू दाखवतो, पण बोर्डावरची खूण सगळीकडे सारखी नसते. मोठ्या कंडेन्सरवर २३० व्होल्टच्या मेन्समुळे ३२५ व्होल्टच्या आसपास दाब उरलेला असू शकतो: प्लग काढा, १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर त्या कंडेन्सरच्या दोन पायांवर दहा-पंधरा सेकंद धरा, मग मीटरने तपासा. तो रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्याने किंवा इन्सुलेटेड तारांनी धरायचा, बोटांनी नव्हे.