‘फर्गीलाही वेळ दिला होता’: मँचेस्टर युनायटेडच्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या मॅनेजरला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, ठेवावं की काढावं, हा वाद पेटला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘फर्गीलाही वेळ दिला होता.’ फर्गी म्हणजे १९८६ ते २०१३ मॅनेजर असलेले अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. मॉइस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग. २०१४ ते २०२४ या काळात क्लबने पाच कायमस्वरूपी मॅनेजरना नारळ दिला आणि पाचही वेळा हे वाक्य कानावर आलं. वाक्य खोटं नाही, पण त्यातून अर्धीच हकीकत कळते. म्हणून ती थोडी मागून बघायला हवी.

संयम हा युनायटेडचा जुना स्वभाव आहे, असं आज सहज बोललं जातं. सर मॅट बझ्बी १९४५ ते १९६९ सलग मॅनेजर होते, त्यावरून हा समज तयार झाला. पण त्यांच्यानंतर काय घडलं? विल्फ मॅकगिनेस डिसेंबर १९७० मध्ये गेले आणि उरलेला हंगाम बझ्बींनाच परत येऊन निभवावा लागला. मग आलेले फ्रँक ओफॅरेल दीड वर्षात, डिसेंबर १९७२ मध्ये, क्रिस्टल पॅलेसकडून ५-० असा मार खाल्ल्यावर गेले. १९६८ साली युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचं सर्वोच्च विजेतेपद, जिंकलेला संघ १९७४ साली दुसऱ्या श्रेणीत घसरला. मात्र घसरण झाली त्या वेळचे मॅनेजर टॉमी डॉकर्टी यांना क्लबने ठेवलं. त्यांनी वर्षभरात संघ वर आणला आणि १९७७ चा एफए कपही, म्हणजे इंग्लंडमधली बाद पद्धतीची मोठी स्पर्धा, जिंकला. त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांची नोकरी गेली, तीही खेळाशी संबंध नसलेल्या खासगी कारणावरून. डेव्ह सेक्स्टन यांना १९८१ मध्ये शेवटचे सातही सामने जिंकून जावं लागलं, कारण खेळ रटाळ होता आणि एकही मोठा करंडक हाती नव्हता. पुढच्या रॉन अ‍ॅटकिन्सन यांनी दोन एफए कप आणले, पण लीग, म्हणजे देशातलं साखळी विजेतेपद, काही आली नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये संघ २२ पैकी २१ व्या स्थानावर होता, तेव्हा त्यांनाही काढलं आणि त्याच दिवशी अ‍ॅबरडीनहून अ‍ॅलेक्स फर्ग्युसन आले.

इथून पुढची तीन वर्षं नीट पाहण्यासारखी आहेत. फर्ग्युसनच्या काळात लीगमध्ये संघ आधी ११ वा, मग दुसरा, मग पुन्हा ११ वा आला. १९८९ च्या उन्हाळ्यात क्लबने तिजोरी उघडली. बचावपटू गॅरी पॅलिस्टरसाठी २३ लाख पौंड मोजले, जो तेव्हा ब्रिटिश क्लबांमधल्या व्यवहाराचा विक्रम होता. पॉल इन्स, नील वेब, डॅनी वॉलेसही आले. त्याच ऑगस्टमध्ये क्लब विकत घ्यायला निघालेले मायकल नाइटन आर्सेनलविरुद्धच्या सामन्याआधी युनायटेडचं किट घालून मैदानात उतरले आणि स्ट्रेटफर्ड एंड या प्रेक्षकस्टँडसमोर चेंडू पायावर खेळवून दाखवू लागले. पुढे तो सौदा फिसकटला. सप्टेंबरमध्ये त्याच शहरातल्या मँचेस्टर सिटीने आपल्या मेन रोड मैदानावर ५-१ ने लोळवलं. डिसेंबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्ड या घरच्या मैदानावर पॅलेसविरुद्ध हरताना एका चाहत्याने घरून रंगवून आणलेली चादर उलगडली. तीन वर्षं सबबी ऐकल्या, खेळ अजून टाकाऊच, टाटा फर्गी, अशा अर्थाचा मजकूर तीवर होता.

ती चादर धरणाऱ्याला आज अडाणी ठरवणं मला पटत नाही. त्याच्यासमोर जे होतं ते बघता त्याची बाजू भक्कम होती. पैसा खर्च झाला होता, संघ खाली जात होता, आणि लीग जिंकून २२ वर्षं उलटली होती.

७ जानेवारी १९९० ला एफए कपच्या तिसऱ्या फेरीत युनायटेड नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर गेलं. हरले की फर्ग्युसन गेले, असंच वर्तमानपत्रांनी धरलं होतं. मार्क ह्यूजने बुटाच्या बाहेरच्या बाजूने वळवलेला चेंडू मार्क रॉबिन्सने डोक्याने जाळ्यात ढकलला आणि सामना १-० ने जिंकला. त्या वर्षी लीगमध्ये संघ १३ वा आला, पण कप मिळाला, तोही पॅलेसविरुद्धच्या ३-३ बरोबरीनंतर फेरसामन्यात. १९९१ मध्ये बार्सिलोनाला हरवून कप विनर्स कप हा युरोपीय करंडक आला आणि १९९३ मध्ये २६ वर्षांनी लीग. २०१३ मध्ये निवृत्त होताना फर्ग्युसनच्या नावावर युनायटेडमधले ३८ करंडक होते, त्यांत १३ लीग विजेतेपदं.

रॉबिन्सच्या गोलने नोकरी वाचवली, ही दंतकथा झाली. तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स मात्र वारंवार सांगत आले आहेत की फर्ग्युसनना काढण्याचा विचारच नव्हता. मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण बोर्डाला जे दिसत होतं ते गुणतक्त्यात दिसत नव्हतं. दारूची सवय रुजलेल्या संघातून पॉल मॅकग्रा आणि नॉर्मन व्हाइटसाइड यांच्यासारख्या लाडक्या खेळाडूंना १९८९ मध्ये विकलं गेलं होतं. मुलं शोधण्याची यंत्रणा नव्याने उभी राहत होती. सिटीकडे सराव करणाऱ्या रायन गिग्जला १४ वा वाढदिवस होताच करारबद्ध केलं होतं आणि त्यासाठी फर्ग्युसन स्वतः त्याच्या घरी गेले होते. गिग्ज, बेकहॅम, निकी बट, गॅरी नेव्हिल यांचा संघ १९९२ मध्ये युथ कप ही युवा संघांची स्पर्धा जिंकला. म्हणजे नुसती मुदत दिलेली नव्हती. त्या मुदतीत काय चाललंय हे जवळून पाहणारी, फुटबॉल कळणारी माणसं वर बसली होती. बॉबी चार्ल्टन बोर्डावर होते, बझ्बीही क्लबमध्येच होते.

२०१३ मध्ये नेमकं हेच गेलं. फर्ग्युसनसोबत त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही बाहेर पडले आणि सूत्रं एड वुडवर्ड या बँकिंगमधून आलेल्या माणसाकडे आली. मालक ग्लेझर कुटुंब, ज्यांनी २००५ मध्ये क्लब कर्ज काढून घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच माथी मारलं. फुटबॉल संचालक हे पद युनायटेडमध्ये पहिल्यांदा भरलं गेलं ते मार्च २०२१ मध्ये.

डेव्हिड मॉइस यांना सहा वर्षांचा करार मिळाला होता. निरोपाच्या भाषणात फर्ग्युसननी चाहत्यांना नव्या मॅनेजरच्या मागे उभं राहायला सांगितलं आणि स्टेडियममधल्या चाहत्यांनी ते बरेच दिवस पाळलं. मार्च २०१४ मध्ये काहींनी वर्गणी काढून ‘मॉइस आउट’चा फलक लावलेलं विमान ओल्ड ट्रॅफर्डवरून उडवलं, तेव्हा खालच्या गर्दीने हुर्यो उडवली ती विमानाची. तीनेक आठवड्यांत एव्हर्टनकडून हार झाली, चॅम्पियन्स लीगची आशा संपली आणि मॉइस दहा महिन्यांत गेले.

व्हॅन गाल एफए कप जिंकल्यावर दोन दिवसांनी गेले. मोरिन्यो दोन मोठे करंडक आणि एक दुसरं स्थान देऊन गेले, सोल्शायर वॉटफर्डमध्ये ४-१ हरल्यावर. एकाने ताब्यात चेंडू ठेवणारे खेळाडू घ्यायचे, दुसऱ्याने उंचपुरे आणि ताकदवान, तिसऱ्याने वेगवान तरुण. प्रत्येक नव्या माणसाला आधीच्याची उरलेली भाजी घेऊन स्वयंपाक करावा लागला. चाहत्यांचा एक गट म्हणायचा, माणूसच चुकीचा. दुसरा म्हणायचा, मालक जाईपर्यंत कुणीही आणा. मे २०२१ मध्ये हा दुसरा गट मैदानातच घुसला आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. मी मनाने याच गटातला आहे, तरी त्याच वर्षी लिव्हरपूलकडून ०-५ हार पाहिल्यावर ‘बास झालं’ हे माझ्याही तोंडून निघालं होतं. प्रेम असलं की दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात.

२०२४ च्या सुरुवातीला जिम रॅटक्लिफ भागीदार झाले आणि फुटबॉलचा कारभार त्यांच्या हाती आला. आता तरी वर जाणकार बसतील, अशी आशा होती. त्या हंगामात टेन हागचा संघ लीगमध्ये आठवा आला आणि मे महिन्यात सिटीला हरवून त्याने एफए कप जिंकला. क्लबने इतर मॅनेजरांशी बोलणी केली, मग त्यालाच २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली. २८ ऑक्टोबरला, संघ १४ वा असताना, त्याला काढलं. सहकाऱ्यांसह त्याच्या भरपाईपोटी क्लबला सुमारे एक कोटी पौंड मोजावे लागले. पुढचे निर्णय घ्यायला मोठ्या खटपटीने आणलेले क्रीडा संचालक डॅन अ‍ॅशवर्थ डिसेंबरमध्ये, पाच महिन्यांतच, निघून गेले. नव्या रुबेन अमोरिमच्या हाताखाली संघ १५ वा आला, १९७४ च्या घसरणीनंतरचं सर्वांत खालचं स्थान. ‘त्याला वेळ द्या’ म्हणणारे आणि ‘त्याला काढा’ म्हणणारे, दोघंही तेव्हा पुन्हा १९९० च्या जानेवारीचाच दाखला देत होते.