१:२५० हा आकडा आला कुठून?

ठाण्या-नवी मुंबईत गर्भवतीला अकराव्या-बाराव्या आठवड्यात ‘डबल मार्कर’ ही रक्तचाचणी लिहून देतात. रिपोर्टवर ‘१:१८०, स्क्रीन पॉझिटिव्ह’ दिसलं की घरचे हबकतात. अर्थ एवढाच, की अशा १८० जणींपैकी एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्तीचं असल्याने होणारा जन्मजात दोष) असू शकतो. सीमारेषा बहुधा १:२५० असते, आणि तिचं मूळ आहे आईच्या वयात: वय वाढतं तसा हा धोका वाढतो.

१९७०च्या दशकात पस्तिशी ओलांडलेल्या बाईला थेट गर्भजल तपासणी सुचवत. पस्तिशीतल्या गर्भवतीचा मधल्या तिमाहीतला धोका साधारण १:२७०. पुढे रक्तचाचण्यांची रेषाही तिच्याच आसपास राहिली. वयाची चाळणी मात्र फसवी होती. बाळंतपणं तरुण वयातच जास्त, त्यामुळे डाऊनची बहुतेक बाळंही तरुण आयांचीच.

१९८४ मध्ये दिसलं की बाळाला डाऊन असेल तर आईच्या रक्तातलं एएफपी हे गर्भाकडून येणारं प्रथिन कमी असतं. १९८८ मध्ये रक्तातले तीन घटक मोजणारी ट्रिपल टेस्ट आली, १९९२ मध्ये बाळाच्या मानेमागच्या पाण्याचं सोनोग्राफीतलं माप. आजच्या डबल मार्करमध्ये हे माप, वय, आणि आईच्या रक्तातले वारेचे दोन घटक, बीटा एचसीजी व पॅप-ए, यांचं एकत्र गणित असतं. चूक बहुधा मशीनमध्ये नसते, फॉर्ममध्ये असते. पॅप-ए आठवड्यागणिक झपाट्याने वाढतं. पाळीच्या तारखेवरून दिवस जास्त धरले, तर ते उगाच कमी भासतं आणि धोका फुगतो. म्हणून सोनोग्राफीतली बाळाची लांबी (४५ ते ८४ मिमी) लिहायची. आईचं वजनही त्याच दिवशी काट्यावर बघून, अंदाजे नको.

१९९७ मध्ये डेनिस लो हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आईच्या प्लाझ्मात गर्भाचा डीएनए सापडला. त्यांनी तो ओळखला वाय गुणसूत्रावरून, म्हणजे मुलग्याच्या खुणेवरून! २०११ पासून एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातला हाच डीएनए तपासणारी चाचणी, बाजारात आली. आपल्याकडे तिच्या रिपोर्टमध्ये लिंगाविषयी अवाक्षर नसतं. गर्भजल तपासणीचा मुलगी पाडण्यासाठी वापर झाला, म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्येच लिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. देशाचा १९९४ चा. आईच्या रक्तातला गर्भाचा हा डीएनए प्रत्यक्षात वारेतून येतो, म्हणून एनआयपीटी पॉझिटिव्ह आली तरी गर्भजलाने खात्री करावी लागते. आईचं वजन जास्त असेल तर रक्तातल्या एकूण मोकळ्या डीएनएमधला त्याचा वाटा ४ टक्क्यांखाली जाऊन रिपोर्टच येत नाही, असंही होतं.

थॅलेसेमिया हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार यातल्या नेहमीच्या चाचण्यांत कळत नाही. ठाणे जिल्ह्यात हा विसर महागात पडतो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित वसले, तेच उल्हासनगर. आणि सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाचे वाहक (स्वतः आजारी नसले तरी दोष पुढे देऊ शकणारे) जास्त आढळतात. पहिल्याच भेटीत सीबीसीबरोबर (रक्तपेशींची मोजणी) एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी चाचणी) करावी. त्यातला एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन-चार टक्क्यांच्या वर गेला, की नवऱ्याचं रक्त लगेच घ्यायचं. दोघेही वाहक असतील तर दर खेपेला बाळाला हा आजार असण्याची चारात एक शक्यता. नवरा गावाहून येईपर्यंत सोळावा आठवडा उजाडला, तर वारेच्या तुकड्याची तपासणी, जी अकरा ते तेरा आठवड्यांत होते, ती हुकते आणि गर्भजलच उरतं.